ट्राउटसाठी फ्लाय बांधणे : साताऱ्यात बसून, आसपास मिळेल त्या सामानातून

घाटवाट (सातारा)
रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा हिमाचलात निघतोय. बरोटला मत्स्यविभागाचा परवाना काढायचा आणि तिथून उहल नदीच्या काठानं वर वर जायचं. सहा दिवस, सगळं सामान पाठीवर. या वेळी एकही फ्लाय विकतची नाही. गेले तीन महिने रोज रात्री जेवणं उरकली की मी टेबलाला व्हाइस (हुक घट्ट धरून ठेवणारी पकड) लावून बसतोय. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो. आपल्याकडे हे काम करणारे थोडे आहेत, आणि जे आहेत ते एकमेकांना माहीत नाहीत.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं, लोकर, तार आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. तिला स्वतःचं वजन नसल्यासारखंच. त्यामुळे आपल्या नेहमीच्या गळासारखी ती फेकता येत नाही. इथे दोरीच जाड आणि जड असते, आपण दोरी फेकतो आणि फ्लाय तिच्यामागून जाते. ट्राउट थंड पाण्यातला मासा, पाणी वीस अंशांच्या वर तापायला लागलं की त्याला त्रास होतो. म्हणून तो आपल्या कृष्णेत नाही, वेण्णेत नाही आणि कोयनेतही नाही. तो हिमाचलात, काश्मिरात, उत्तराखंडात आणि खाली निलगिरीत. तोही मूळचा इथला नव्हे, इंग्रजांनी आणून सोडलेला.

तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेलो तेव्हा चौदा फ्लाय विकत घेतल्या होत्या. दिसायला देखण्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या धोंड्यामागच्या संथ पाण्यात पहिला ट्राउट लागला, छोटाच, वीतभर. त्याला सोडून दिलं आणि फ्लाय हातात घेऊन पाहिली, तर डोक्याचा दोरा सुटून लोंबत होता. पुढच्या फ्लायचं हॅकल, म्हणजे भोवती गुंडाळलेलं पीस, दोन तासांत उलगडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे बांधलेल्या म्हणाव्यात अशा तीन उरल्या होत्या, आणि सगळ्यात जवळचं दुकान दीड दिवसाच्या चालीवर. उरलेले दिवस मी काठावर बसून पाणी बघितलं. मासे समोर वर येऊन किडे टिपत होते.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे. रानात न्यायची फ्लाय देखणी नसली तरी चालेल, पण ती सुटता कामा नये. आणि वीस नमुने एकेक नेण्यापेक्षा चार नमुने डझन-डझन न्यावेत. ट्राउटचं बहुतेक खाणं पाण्याखालीच चालतं, दगडाला चिकटलेल्या अळ्या आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे किडे. त्यामुळे माझ्या चारातले तीन नमुने बुडणारे आहेत, एक तरंगणारा.

सगळ्यात जास्त भरवशाची म्हणजे तांब्याच्या तारेची निम्फ (पाण्याखालच्या अळीची नक्कल). ही जरा सविस्तर सांगतो.

इंग्लंडमध्ये एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचा नदीराखा होता, मूळ कल्पना त्याची. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार, एवढंच सामान. दोरा अजिबात नाही, तारच दोऱ्याचं काम करते आणि तीच वजनही देते. तो फेझंट आपल्याकडे नाही. मी पाळलेल्या टर्कीच्या शेपटीचं तपकिरी पीस वापरतो. तार मात्र आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारी जळतात, आणि रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन ३८ गेजची वाइंडिंग वायर मागितली की हातभर तुकडे असेच मिळतात. ३६ गेजही चालते, पण १६ नंबरच्या हुकावर ती जाड वाटते.

हुक १४ नंबरचा. (नंबर वाढतो तसा हुक लहान होत जातो, हे सुरुवातीला सगळ्यांनाच उलटं वाटतं.) सगळ्यात आधी त्याचा बार्ब (टोकाजवळचा उलटा काटा) पकडीनं दाबून सपाट करायचा. बांधून झाल्यावर नाही, आधीच. दाबताना हुक कधीकधी तुटतो, आणि तुटायचाच असेल तर रिकामा तुटू दे. मग तार दांडीवर घट्ट गुंडाळत वाकापर्यंत न्यायची आणि पुढे आणून खांद्याच्या जागी चार-पाच वेढे एकावर एक घालायचे. तिथे जो फुगवटा येतो तो किड्याचा खांदा. आता पिसाचे चार तंतू एकदम तोडून घ्यायचे, टोकं जुळवायची आणि ती वाकाशी बांधून दांडीच्या अर्ध्याएवढी मागे शेपूट म्हणून सोडायची. उरलेले तंतू आणि तार यांना एकत्र पीळ द्यायचा आणि मग तो पीळ पुढे गुंडाळत न्यायचा. सगळी किमया या पिळात आहे. ट्राउटला बारीक दात असतात, एखादा तंतू कापला जाणारच. पीळ असेल तर तुटलेला तंतू तारेत अडकून राहतो आणि बाकीचं अंग शाबूत राहतं. पीळ नसेल तर एक तुटला की सगळंच उलगडतं.

खांद्याशी आल्यावर तंतू पाठीवरून पुढे-मागे दोनदा नेऊन बांधायचे आणि तारेचे शेवटचे वेढे हुकाच्या डोळ्यामागे (दोरी ओवायच्या भोकामागे) घालायचे. डोळ्यामागे जागा सोडा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या शंभरातल्या निम्म्या माझ्या इथेच बिघडल्या. अंग डोळ्यापर्यंत भिडलं की डोकं बांधायला जागा उरत नाही, मग वेढे घसरतात आणि फ्लाय पहिल्याच माशाला सुटते.

झाल्यावर काचेच्या ग्लासात पाणी घेऊन सोडून बघायची. सरळ खाली जाते का, कलंडते का, शेपटीचे तंतू पाण्यात सुटे होतात का, सगळं दिसतं. नंतर नखानं दांडीवर जोरात घासायचं. वेढे सरकले तर ती डब्यात जात नाही, ब्लेडनं कापून हुक परत वापरायचा.

बाकीचे तीन नमुने पुढे लिहीन. कुणाला काही विचारायचं, सुचवायचं असेल तर नक्की लिहा.

---

प्रीतिसंगम_कराड
रविवार, रात्री ११.०२

दादा, खूप दिवसांनी असा धागा वाचला. मी शेवटच्या वर्षाला आहे, जूनमध्ये मित्रांबरोबर तीर्थन खोऱ्यात ट्रेक ठरतोय. मासेमारी कृष्णेवर आजोबांबरोबर केलीय, कणीक लावून. पण फ्लाय कधी हातात घेतलेली नाही. व्हाइस घेणं आत्ता जमणार नाही. त्याशिवाय बांधता येईल का? आणि दोरा कोणता? घरात शिलाई मशीनची रिळं आहेत.

---

घाटवाट (सातारा)
रविवार, रात्री ११.२०

@प्रीतिसंगम_कराड, येतं की. पूर्वी लोक हातातच बांधायचे. सोनारकाम करणाऱ्यांकडे हातात धरायची छोटी पकड असते, तशी मिळाली तर उत्तम. मोठ्या १० नंबरच्या हुकापासून सुरुवात कर.

शिलाईचा दोरा पहिल्या दहा फ्लायला वापर, हात बसेल. नंतर नको. तो जाड असतो, चार वेढ्यांत डोक्याचा गोळा होतो. फ्लायसाठीचा ७० डेनियरचा दोरा घे, एक रीळ वर्षभर पुरतं.

जूनबद्दल मात्र एक सांगतो. तेव्हा वरचं बर्फ वितळत असतं, नदी दुधाळ आणि जोरात असते, जुलैत पाऊस. मासा असतो, पण त्याला फ्लाय दिसत नाही. मुख्य नदी सोडून बाजूचे स्वच्छ नाले बघा. परवाना काढल्याशिवाय आणि कुठे मनाई आहे ते विचारल्याशिवाय पाण्यात दोरी टाकू नका. त्या भागात राष्ट्रीय उद्यान आहे.

---

सतारीची_तार (मिरज)
सोमवार, सकाळी ७.४०

रात्री वाचलं आणि झोपेतही डोक्यात तेच होतं, म्हणून सकाळी दुकान उघडायच्या आधी लिहितोय.

आमच्या घरात सतार आणि तंबोरे बनवायचं काम. मला माशांतलं काही कळत नाही, पण तुम्ही डोक्याच्या दोऱ्याबद्दल लिहिलंत ते आमचंच दुखणं आहे. सतारीचे पडदे दांडीला दोऱ्यानं बांधलेले असतात. वाजवणारा मींड घेतो, म्हणजे तार पडद्यावर बाजूला खेचतो, तेव्हा पडद्यावर किती जोर येतो बघा, आणि तरी तो जागचा हलता कामा नये. पण सूर लावताना हातानं सरकवता मात्र आला पाहिजे. म्हणजे तुमच्यापेक्षा आमचं बांधकाम एका अर्थानं अवघड.

वडिलांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली : वेढा वेढ्याशेजारी बसला पाहिजे, वेढ्यावर नाही. वर चढलेला वेढा आज घट्ट वाटतो आणि उद्या खाली घसरतो, घसरला की सगळेच सैल. दुसरी : दोरा ओढायचा जोर पहिल्या वेढ्यापासून शेवटपर्यंत एकच हवा. शेवटी जास्त ओढून आधीचा ढिलेपणा भरून निघत नाही.

टोक संपवायला वेगळ्या दोऱ्याचा एक फास आधी ठेवून त्यावर शेवटचे पाच-सहा वेढे घालायचे, टोक त्या फासातून घ्यायचं आणि फास ओढून काढायचा. टोक वेढ्यांच्या पोटात जाऊन बसतं. गाठ दिसतच नाही. तुमच्या डोक्याला हे चालेल का?

वरून लाखेचं पॉलिश द्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं पातळ हात मारायचे.

---

घाटवाट (सातारा)
सोमवार, दुपारी १.१०

@सतारीची_तार, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तुम्ही सांगितलेला फास म्हणजे आमच्या व्हिप फिनिशचाच (डोक्याचा दोरा संपवायच्या रीतीचाच) जुळा भाऊ. मी त्यासाठी वाकडं हत्यार वापरतो, पण फासाची रीत जास्त सोपी आहे आणि अंधारात तंबूतसुद्धा जमेल. आज दुपारच्या सुट्टीत तीन डोकी तशीच बांधली. नखानं घासून बघितली, एकही वेढा हलला नाही. मनापासून आभार. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातमी वाचून पुढे गेलो होतो, आज त्या कामातलं एक अक्षर शिकलो.

लाखेचं मात्र जमत नाही. जुने लोक लाखेचं व्हार्निश वापरायचे खरे, पण तासन्‌तास पाण्यात राहिली की लाख पांढरट पडते. मी पारदर्शक नेलपॉलिश लावतो, सुईच्या टोकानं, दोन पातळ हात, मध्ये एक रात्र. हुकाचा डोळा बुजला तर ओलं असतानाच एका पिसाच्या काडीनं मोकळा करायचा. नदीकाठी थंडीत बोटं बधिर झालेली असताना बुजलेल्या डोळ्यात दोरी ओवायला लागली की माणूस रडकुंडीला येतो.

---

माणदेशी_मेंढका
सोमवार, रात्री ८.५५

दादा, आमी म्हसवडकडचं. घरात मेंढरं हायती. तुमी लोकर लिवलीसा पण कुटली ते सांगितलं न्हाई. दुकानातली स्वेटरची घेत असशीला तर ती नगा घिऊ, त्यात प्लास्टिक आसतंय.

कोकराची पयल्या कातरणीची लोकर आसती, तिला आमी जावळ म्हणतो. लई मऊ. चांगलं घोंगडं जावळाचंच. काळीभोर मिळंल, करडी मिळंल, मधी तांबूस छटा पण आसती. रंग द्यायची गरज न्हाई. मोठ्या मेंढराची लोकर भरड, ती उबी ऱ्हाती, दबत न्हाई. दोन्ही मिसळून बगा. पत्ता कळवा, येष्टीनं पार्सल धाडतो. पैशे नकोत.

---

घाटवाट (सातारा)
सोमवार, रात्री ९.३०

@माणदेशी_मेंढका, दादा, तुम्ही म्हणता तेच चुकत होतं माझं. स्वेटरची लोकर दोऱ्याला धरत नव्हती, गुळगुळीत होऊन सुटायची.

माझा दुसरा नमुना हाच, काळ्या लोकरीची जाडसर निम्फ, १० आणि १२ नंबरवर. हिमाचलातल्या खडकाळ नाल्यांत स्टोनफ्लायच्या अळ्या असतात, मोठ्या, गडद, दगडाखाली. दगड उलटून पाहिला की पळताना दिसतात. (पाहून झालं की दगड होता तसाच ठेवावा.) त्यांच्यासाठी काळी आणि करडी अशी मिसळलेली लोकर मला हवीच होती. एकाच रंगाची लोकर पाण्यात मेल्यासारखी दिसते. दोन-तीन छटा मिसळल्या आणि भरड केस मध्येमध्ये बाहेर राहिले की पाय हलतायत असं वाटतं.

दोऱ्याला आधी मेण लावतो. महाबळेश्वरकडचं मधमाशीचं मेण, मांघर या मधाच्या गावातून आणलेलं. मग लोकरीचा विरळ पुंजका दोऱ्यावर एकाच दिशेनं बोटांनी वळायचा. मागे-पुढे वळला तर उलगडतो. आणि जेवढी लोकर पुरेशी वाटते तिच्या निम्मी घ्यायची.

एक शंका : जावळाची लोकर धुतलेली पाठवाल की तशीच? तिच्यातली नैसर्गिक चिकटाई पाणी धरू देत नाही. तरंगणाऱ्या फ्लायला ते वरदान, बुडणाऱ्या निम्फला अडचण. पार्सल घ्यायला मीच येईन, रविवारी. म्हसवड मी अजून नीट पाहिलेलंच नाही.

---

माणदेशी_मेंढका
सोमवार, रात्री ९.४१

आर्दी धुवून, आर्दी तशीच ठिवतो. या जेवायलाच.

---

जरीकाठ (सांगली)
मंगळवार, दुपारी ३.२५

मी आरी वर्क करते, ब्लाउजवरचं. भाचा हिमाचलला नोकरीला आहे, त्याच्यामुळे हा धागा माझ्यापर्यंत आला.

तुमच्या निम्फच्या अंगावर सोनेरी कड असते ना, फोटोत पाहिली. त्यासाठी जुन्या साडीच्या काठातली जर उसवून वापरून बघा. खरी जर असेल तर ती रेशमावर गुंडाळलेली असते, मध्ये कापली की उलगडते, म्हणून टोकाला आधी थेंबभर गोंद लावून मग कापायची. हल्लीची नकली जर प्लास्टिकची असते, ती लवकर काळी पडत नाही. पाण्यातल्या कामाला तीच बरी असं मला वाटतं, जरी साडीसाठी मी तिला हात लावणार नाही.

आणि दिवा कसला वापरता? रात्रीचं बारीक काम पिवळ्या दिव्याखाली करू नका. पांढरा दिवा डाव्या बाजूनं, मागे फिक्या निळ्या किंवा राखाडी रंगाचा कागद उभा करा. दोऱ्याची कड स्पष्ट दिसते आणि डोळे शिणत नाहीत. पंधरा वर्षं हेच करतेय.

---

घाटवाट (सातारा)
मंगळवार, रात्री १०.०५

@जरीकाठ, ताई, कागदाची युक्ती आजच केली. माझी भिंत पिवळी आहे आणि मी तीन महिने उगाच डोळे ताणत होतो.

जरीचा वेढा घालताना एक गोष्ट करतो. लोकर एका दिशेनं गुंडाळली असेल तर जर उलट्या दिशेनं. दोन्ही एकाच दिशेनं गेले की जर लोकरीत रुतून दिसेनाशी होते, आणि उलट गेली की ती लोकरीला बांधून ठेवते.

आता पिसांचं लिहितो, कारण व्यक्तिगत संदेशात तिघांनी विचारलंय.

तरंगणाऱ्या फ्लायला कोंबड्याच्या मानेचं पीस लागतं. परदेशी पुस्तकांत ‘इंडियन केप’ म्हणून जे येतं ते आपल्याच कोंबड्यांच्या मानेचं कातडं, कित्येक वर्षं इथून बाहेर जायचं. आता तिकडे खास पिसांसाठी पाळलेले कोंबडे आहेत, त्यांची पिसं लांब आणि ताठ. आपल्या गावठी कोंबड्याचं पीस आखूड असतं, म्हणून एका फ्लायला दोन लागतात. बाकी काही कमी नाही. म्हातारा कोंबडा बघायचा, वर्षाच्या आतला नको. पीस वाकवून सोडलं की तंतू ताडकन उभे राहिले पाहिजेत. मधली पांढुरकी, मऊ पट्टी पाणी शोषते, ती जितकी कमी तितकं चांगलं. तंतूची लांबी हुकाच्या तोंडाच्या दीडपट ते दुप्पट. जत्रांच्या दिवसांत गावात सांगून ठेवलं की मानेची कातडी मिळतात. कोंबडीची मऊ पिसंही ठेवा. माझा तिसरा नमुना, ओली म्हणजे बुडणारी सॉफ्ट हॅकल, त्याच पिसांची. केशरी रेशमाचं अंग आणि पुढे मऊ पिसाचा एकच वेढा, दीड नाही, दोन नाही. पाण्यात ते पीस श्वास घेतल्यासारखं उघडतं-मिटतं.

आणलेली पिसं साध्या साबणानं धुवून, सावलीत वाळवून, पिशवीत बंद करून आठ-दहा दिवस फ्रीझरमध्ये ठेवायची, मग बाहेर काढून पुन्हा आठवडाभर आत. कसर आणि तिची अंडी त्याशिवाय जात नाहीत. एकदा एक पिशवी तशीच डब्यात ठेवली आणि दिवाळीनंतर उघडली तर पिसांचा भुगा होता. बर्ड फ्लूची बातमी असेल तेव्हा कुठूनही कच्ची पिसं आणू नका.

आता महत्त्वाचं. मोराचं आपोआप गळलेलं पीस देशात बाळगता येतं, परदेशी नेता येत नाही. पण राखी रानकोंबड्याचं पीस कुणी देऊ केलं तर घेऊ नका. आपल्या सह्याद्रीतला हा पक्षी, त्याच्या मानेच्या मेणचट ठिपक्यांच्या पिसासाठी जगभरच्या सॅमन फ्लाय बांधणाऱ्यांनी त्याला एकेकाळी धुंडाळून मारलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, तो ससा, सांबर, चितळ, मुंगूस सगळ्यांना लागू आहे. मुंगसाच्या केसांचे ब्रश विकत मिळतात, तेही बेकायदाच. लोकर, कोंबडी, टर्की, बकरी, पाळीव ससा यांत जे बांधता येत नाही ते बांधायचंच नाही.

---

नदीकाठची (सांगली)
बुधवार, सकाळी ११.३०

शेवटचा परिच्छेद वाचून बरं वाटलं, म्हणून लिहिते. मी मत्स्यशास्त्र शिकवते.

ट्राउटबद्दल एक बाजू इथे यायला हवी. ब्राउन ट्राउट युरोपातला, रेनबो उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा. १९०० च्या आसपास काश्मिरात ब्राउनची अंडी आली, पुढे हिमाचलात आणि निलगिरीत केंद्रं झाली. हिमालयातल्या नाल्यांचा स्वतःचा मासा आहे, असेला, ज्याला स्नो ट्राउट म्हणतात, पण तो ट्राउट नव्हे, आपल्या रोहू-महासीरच्या कुळातला. ब्राउन ट्राउट त्याची पिल्लं खातो आणि त्याच्या जागा घेतो. तेव्हा बांधलेल्या फ्लायला असेला लागला तर त्याला आधी सोडा, हात ओले करून, पाण्याबाहेर न काढता. घाटवाट बार्ब दाबतात ते यासाठीही योग्य आहे.

दुसरं, बूट. एका नाल्यातून दुसऱ्यात जाताना तळवे घासून धुवा आणि पूर्ण वाळवा. शेवाळ आणि रोगजंतू बुटांवरून प्रवास करतात. नमद्याचे तळवे तर वाळतच नाहीत.

आणि शिसं कुणी वजनासाठी वापरू नका, तांबं किंवा टंगस्टन पुरेसं आहे.

आपल्या नद्यांबद्दल : आपल्याकडे खडस आहे, डेक्कन महासीर, शास्त्रीय नाव टोर खुद्री. फ्लाय घेतो. पण पावसाळ्याच्या तोंडावर चढणीचे मासे वर जात असतात तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नका, ते अंडी घालायला निघालेले असतात. आणि कोयना-चांदोलीचं पाणी व्याघ्र प्रकल्पात येतं, तिथे परवानगीशिवाय गळ नाही.

---

जुना_गळकरी (हरिपूर)
बुधवार, रात्री ८.१०

ताईंनी खडशीचं नाव काढलं आणि जीव हलला. वारणा-कृष्णेच्या संगमावर माझ्या वडिलांनी धरलेली खडस मी खांद्यावरून घरी नेली आहे, शेपटी गुडघ्याला लागत होती. ती आता दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वरून मळीचं काळं पाणी येतं आणि सकाळी काठावर मेलेल्या माशांचा खच असतो. किती वेळा बघायचं?

घाटवाट, तुम्ही पोरगेले दिसता. हिमालयात जरूर जा. पण ही नजर, दगड उलटून किडा बघायची, ती कृष्णेवरही वापरा. ज्या नदीत दगडाखाली किडा नाही त्या नदीत मासाही राहत नाही. आम्ही हे उशिरा शिकलो.

---

घाटवाट (सातारा)
बुधवार, रात्री १०.५०

@जुना_गळकरी, काका, तुमचं वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. मी रविवारी माहुलीला वेण्णेच्या बाजूनं दगड उलटून बघणार आहे, आणि हरिपूरला तुमच्याकडे यायची परवानगी मागतो. काय सापडतं, काय नाही, ते इथे लिहीन.

@नदीकाठची, असेला मला दोनदा लागलाय. दोन्ही वेळा सोडला, पण पहिल्यांदा कोरड्या हातानं धरला होता. ते आज कळलं.

राहिलेला चौथा नमुना, तरंगणारा. अ‍ॅडम्स. १९२२ मध्ये मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी बांधलेली, राखाडी अंग, तपकिरी आणि करड्या पट्ट्यांचं मिसळलेलं हॅकल. एकाही किड्याची ती हुबेहूब नक्कल नाही, म्हणून सगळीकडे चालते. करडं पट्टेरी पीस गावठी कोंबड्यात शोधावं लागतं, पण मिळतं. अंगाला माणदेशी करडी लोकर, न धुतलेली. हॅकलचे वेढे घालताना मला आता मिरजेचं वाक्य आठवतं, वेढा वेढ्याशेजारी.

दोरीचं टोक निवडायला सोपा हिशेब : हुकाचा नंबर भागिले तीन. १६ नंबरला ५एक्स, १२ ला ४एक्स. (एक्स हे टोकाच्या जाडीचं माप, आकडा वाढला की टोक बारीक.)

---

प्रीतिसंगम_कराड
शुक्रवार, रात्री ११.४५

दादा, सोनाराची पकड मिळाली. १० नंबर हुक, ३८ ची तार, टर्कीचं पीस नव्हतं म्हणून कोंबड्याच्या शेपटीचं घेतलं. सहा बांधल्या. पाच ग्लासात सुटल्या. सहावीला पीळ जास्त दिला आणि मिरजेच्या काकांचा फास वापरला. नखानं घासली, भिंतीवर घासली, रात्रभर पाण्यात ठेवली. सुटली नाही. डोकं मोठं झालंय आणि शेपूट वाकडी आहे. फोटो जोडलाय.

---

घाटवाट (सातारा)
शनिवार, सकाळी ६.३०

फोटो मोठा करून पाहिला. वेढे एकाशेजारी एक आहेत. शेपूट वाकडी होते कारण शेवटचा वेढा वाकावर उतरलाय, दोन वेढे अलीकडे थांब. आता नवीन नमुना घेऊ नकोस. हीच, याच नंबरवर, अजून अकरा बांध आणि सगळ्या ग्लासात टाक.

रविवारी सकाळी सातला माहुलीच्या घाटावर ये. रॉड मी आणतो. हुकाऐवजी लोकरीचा गोळा लावून दोरी फेकायला शिकू, आणि मग म्हसवडला जाऊ, जेवायला बोलावलंय.

---

सतारीची_तार (मिरज)
शनिवार, सकाळी ७.१५

पोराचे वेढे चांगले आहेत. जोर पहिल्या तीनमध्ये कमी पडलाय, फोटोत फट दिसते. तिथून सुरुवात कर.